शांघायला जायचंय? आधी नाव जुळवा

प्रश्न : मुलगा 27 वर्षांचा, मेकॅनिकल इंजिनिअर. कंपनी त्याला दोन वर्षांसाठी शांघायला पाठवतेय. भाषा येत नाही, आम्ही शाकाहारी, तिथे व्हॉट्सअॅपही चालत नाही म्हणे. पाठवावं का?
– एक आई, सोलापूर

ताई, पाठवा. फक्त होकार देण्याआधी त्याला कंपनीला विचारू दे, व्हिसा कुठला? नोकरीसाठी ‘झेड’ व्हिसाच लागतो आणि तिथे उतरल्यावर 30 दिवसांत निवास परवान्याचा अर्ज करावा लागतो. ‘सध्या बिझनेस व्हिसावर जा, पुढचं बघू’ असं उत्तर आलं तर नको ती नोकरी. बेकायदा काम करताना सापडलं तर 5,000 ते 20,000 युआन दंड होतो, प्रकरण गंभीर असेल तर कोठडीही. कोठडीत तुमचा मुलगा बसेल, एचआर नाही.

तुम्हाला जेवणाची काळजी आहे, मला त्याच्या नावाची. हसू नका. माझ्या एका विद्यार्थ्याचं खातं उघडताना बँकेतल्या मुलीने आडनाव आधी टाकलं आणि त्याच्या नावाला वडिलांचं नाव चिकटवलं, मध्ये जागाच नाही. वीचॅटवर, म्हणजे तिथल्या गप्पांच्या आणि पैसे देण्याच्या अॅपवर, याने पासपोर्टसारखं जागा सोडून लिहिलं. झालं! खातं जोडलंच जाईना. जिथे भाजीवालीसुद्धा क्यूआर कोड पुढे करते, तिथे हा पठ्ठ्या अकरा दिवस शंभराच्या नोटा घेऊन हिंडला. नोट घ्यायला कुणी नाही म्हणत नसे, पण सुट्टे नसत. तेव्हा बँकेने नाव कसं टाइप केलंय याचा फोटो काढून ठेवायचा आणि सगळीकडे तसंच लिहायचं, जागेसकट. तोवरची सोय म्हणून आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्डचं क्रेडिट कार्ड इथूनच अलीपेला, म्हणजे पैसे देण्याच्या दुसऱ्या चिनी अॅपला, जोडून न्यावं. त्याचा ओटीपी भारतीय नंबरवर येतो, म्हणून हे सिम बंद पडू द्यायचं नाही.

त्याच सिमच्या रोमिंगवर व्हॉट्सअॅपही चालतं. तिथल्या सिमवर किंवा घरच्या वायफायवर ते तसं चालत नाही, आणि वीचॅट आपल्याकडे 2020 पासून बंद! दोघांकडे आयफोन असेल तर फेसटाइम आहेच. तिथलं घड्याळ अडीच तास पुढे असतं, त्यामुळे तुमची मालिका संपल्यावर फोन केलात तर तो झोपेतून उठेल.

घराचं आधीच बोलून घ्या. एक महिन्याचं डिपॉझिट आणि तीन महिन्यांचं भाडं एकदम, ही तिथली नेहमीची पद्धत. म्हणजे पहिला पगार व्हायच्या आत चार महिन्यांचे पैसे मोजायचे. एवढी उचल कंपनीकडून लेखी मागावी. हॉटेलात असेपर्यंत राहत्या पत्त्याची पोलिसांकडची नोंद हॉटेल करतं. भाड्याच्या घरात गेलं की 24 तासांत ती आपली आपण करायची. घरमालक ‘राहू दे हो’ म्हणाला तरी करायची.

भाषेची शिकवणी आत्ताच लावा. लिपी मागाहून जमेल, आधी सूर पक्के होऊ देत, कारण सूर चुकला की शब्दच बदलतो. आणि जेवणाचं म्हणाल, तर ‘मी शाकाहारी’ एवढं सांगून भागत नाही. भाजी म्हणून मागवलेल्या वांग्यात खिमा निघतो. मांस, मासे, मटणाचं पाणी, चरबी, काहीच नको, असं चिनी लिपीत लिहून फोनमध्ये ठेवावं आणि हॉटेलवाल्याला दाखवावं. सोबत छोटा कुकर द्या. शिटीला शेजारी दचकतील, पण होईल सवय.