50 कोड्यांवरून कुठला बुद्धिबळ प्रोग्राम सरस हे ठरवता येतं का?

तुम्ही विचारलंय: तुमच्या प्रोग्रामने 50 पैकी 41 स्थिती (पटावरची मांडणी देऊन सर्वोत्तम खेळी शोधायची कोडी) सोडवल्या, मित्राच्या प्रोग्रामने 36, मग तुमचा सरस का? पण या स्थिती तुम्ही "स्वतःचा प्रोग्राम सुधारताना जमवल्या" असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे क्लास घेणारा तोच आणि पेपर काढणाराही तोच! तो संच तुलनेसाठी बाद. तुम्ही आणि मित्र, दोघांनीही प्रोग्राम घडवताना ज्या पाहिल्या नाहीत अशा स्थिती घ्या.

माझी फजिती सांगतो. मे महिना, परळची पत्र्याखालची खोली. एक प्रोग्राम सकाळी चालवला, दुसरा दुपारी अडीचला. दुसरा अगदीच ढ निघाला. नंतर कळलं, लॅपटॉप तापून स्वतःच वेग उतरवत होता. तेव्हापासून दोघांना आलटून पालटून बसवतो, प्रत्येकी प्रोसेसरचा एक कोअर, सारखी हॅश (आधी तपासलेल्या स्थिती साठवायची मेमरी), आणि नवी स्थिती देण्याआधी हॅश रिकामी. विचाराच्या वेळेऐवजी नोड (प्रोग्रामने तपासलेल्या स्थितींची संख्या) सारखे ठेवायचा मोह होतो, पण दोन प्रोग्राम नोड एकाच पद्धतीने मोजतील याची खात्री नसते.

दुसरी चूक जास्त महागात पडली. एका स्थितीत मी उत्तर धरलं होतं एच7 वर उंटाचा बळी. एका प्रोग्रामने शांतपणे हत्ती ई1 वर आणला आणि मी त्याला शून्य दिलं. पुढे खेळून पाहिलं तर तोही डाव सरळ जिंकत होता. म्हणून प्रत्येक स्थितीत स्टॉकफिश या ताकदवान बुद्धिबळ प्रोग्रामला सर्वोत्तम तीन खेळी दाखवायला सांगा. पहिल्या दोन जवळजवळ सारख्याच चांगल्या असतील तर दोन्हींना गुण द्या किंवा ती स्थितीच काढून टाका.

नुसते बळी आणि मात भरू नका. ब्रात्को-कोपेक या बुद्धिबळ चाचणीच्या 1982 च्या संचात 24 पैकी 12 स्थिती प्याद्यांच्या रेट्याच्या (प्यादं पुढे रेटून समोरच्या प्याद्यांची फळी फोडायच्या) होत्या, ते उगाच नाही.

आणि "सरस कोण" हेच हवं असेल तर कोडी सोडा, सामने लावा. प्रत्येक ओपनिंगमधून (डावाच्या ठरलेल्या सुरुवातीतून) दोन डाव, मोहरी बदलून. निम्मे डाव बरोबरीत सुटतात असं धरलं तर 100 डावांत चुकीची मर्यादा दोन्ही बाजूंना साधारण 50 एलो (खेळाची ताकद मोजायचे गुण), त्यामुळे 54-46 वर पार्टी मागू नका. तो फरक जेमतेम 28 एलोचा. 1000 डाव झाले की ती मर्यादा 15 च्या आसपास येते. तेवढे डाव रात्री लावून झोपा. पंखा मात्र लॅपटॉपकडे वळवून.