जुनी पत्रं, जुने फोटो आणि लेकीची नोकरी

प्रश्न: माझी मुलगी इतिहास घेऊन टी.वाय.बी.ए.ला आहे. सुट्टीत ती गिरगावातल्या एका वारसा वास्तूत जाते. तिथल्या जुन्या पत्रांची आणि फोटोंची नोंद करायला मदत करते. आता हेच काम करायचं म्हणते, बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरायला तयार नाही. यात नोकरी असते का? शिकायचं काय? की नुसती धूळ झटकायची? – एक पालक, डोंबिवली

उत्तर:

नमस्कार. तुमची काळजी रास्त आहे. या क्षेत्रात नोकऱ्या आहेत, पण मोजक्या, आणि सुरुवातीच्या बहुतेक कंत्राटी. एखाद्या न्यासाला निधी मिळतो, वर्ष-दोन वर्षांचं काम निघतं, तेवढ्यापुरती माणसं घेतात. कायम पदं सरकारी अभिलेखागारांत (जुनी कागदपत्रं जपून ठेवणाऱ्या संस्थांत), मोठ्या संग्रहालयांत आणि विद्यापीठांत. उद्योगसमूहही आता स्वतःची दप्तरं नीट ठेवू लागलेत. गोदरेजचं अभिलेखागार विक्रोळीत आहे, टाटांचं पुण्यात. रिझर्व्ह बँकेचंही पुण्यातच आहे, म्हणजे बँक आणि हे काम अगदीच दोन टोकं नाहीत.

धूळ झटकणं हा कामाचा लहानसा भाग, आणि तोही मऊ ब्रशनं, पानाच्या मधून कडेकडे. खरं काम आहे नोंदीचं. गांधीजींचा मुंबईतला मुक्काम 1917 ते 1934 या काळात जिथे असे, त्या गावदेवीच्या मणिभवनात किंवा बाबासाहेबांनी ग्रंथांसाठी बांधलेल्या दादरच्या राजगृहात लोक वास्तू बघायला जातात. पण अशा घरातलं एखादं पत्र कोणी, कोणाला, कधी लिहिलं आणि ते संग्रहात कुठून आलं, हे लिहून ठेवलं नसेल तर अभ्यासकाला त्याचा फारसा उपयोग नाही.

पत्रांचा एक गठ्ठा घ्या. अनुभवी माणूस आधी त्याचा मूळ क्रम लिहून ठेवतो, मगच गठ्ठा सोडतो. तारखेप्रमाणे लावण्याची घाई करायची नाही, कारण मालकानं कोणतं पत्र कशासोबत ठेवलं होतं हीसुद्धा माहितीच असते. पाकीट टाकायचं नाही, पत्रावर तारीख नसेल तर टपालाचा शिक्का ती सांगतो. गंजलेली टाचणी ओढली की कागद फाटतो, म्हणून तिच्या खाली-वर पॉलिएस्टर प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या सरकवून ती हळूच काढायची. मग मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं क्रमांक, समजा 2025.4.17: वर्ष, त्या वर्षातला चौथा संग्रह, त्यातली सतरावी वस्तू. बॉलपेन कधीच नाही. फोटोच्या मागे बॉलपेननं लिहिलं की त्याचा वळ पुढे उमटतो. कागदाला स्वच्छ, कोरडे हात पुरतात, उलट सुती हातमोज्यांनी कडा फाटतात. फोटो आणि निगेटिव्हसाठी मात्र नायट्राइलचे (रबरासारखे) हातमोजे हवेत.

सेलोटेप, लॅमिनेशन आणि पीव्हीसीचे प्लास्टिक कव्हर या तिन्हींनी घराघरांतल्या कागदांचं अतोनात नुकसान केलंय. टेपचा गोंद कागदात मुरून तपकिरी डाग पडतो, तो सहसा पूर्ण निघत नाही. फाटलेलं पान जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या स्टार्चच्या खळीनं जोडतात, कारण ते पुढे पाण्यानं सोडवता येतं. वर्तमानपत्राची कात्रणं पत्रांत ठेवली तर त्यांचं आम्ल शेजारच्या कागदावर उतरतं, म्हणून ती वेगळी काढायची.

मुंबईत खरा शत्रू पावसाळा. हवेतली सापेक्ष आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि इथे तर ती चार महिने त्याहून वर असते. कपाटं बाहेरच्या भिंतीला चिकटवायची नाहीत, खालचा कप्पा जमिनीपासून किमान 15 सेंटिमीटर वर हवा. दिवसा एसी, रात्री बंद, हा प्रकार सर्वांत वाईट. त्या चढउतारानं कागद फुगतो, आकसतो आणि थंड झालेल्या वस्तूंवर दव धरतं. एसी चोवीस तास परवडत नसेल तर पंखे आणि डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) बरे.

आता लोकांपर्यंत पोचवण्याचं. पत्रं साधारण 400 पीपीआयला (दर इंचाला इतके बिंदू), लहान फोटो 600 किंवा जास्तला स्कॅन करतात. मूळ स्कॅन टिफमध्ये (तपशील न गमावणारी मोठी फाइल), वाचकांसाठी हलकी जेपेग. तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत. आणि इथेच अनेक संस्था अडकतात: पत्राचा कागद घराच्या मालकीचा असला तरी त्यातल्या मजकुराचे हक्क लिहिणाऱ्याचे, त्याच्या मागे वारसांचे, आणि ते मृत्यूनंतरही कित्येक वर्षं टिकतात. म्हणून ‘ऑनलाइन देण्यास परवानगी’ हे वाक्य हक्क ज्यांचे त्यांच्याकडून आधीच लिहून घ्यावं लागतं.

शिक्षणाच्या वाटा तीन. संग्रहालयशास्त्र: छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातला पदव्युत्तर डिप्लोमा किंवा बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातला विभाग. अभिलेखशास्त्र: दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागाराचा एक वर्षाचा डिप्लोमा. तिसरी वाट प्रत्यक्ष संवर्धनाची, म्हणजे खराब झालेले कागद-वस्तू दुरुस्त करून टिकवण्याची. तिला रसायनशास्त्र लागतं, त्यामुळे बी.ए.वाल्यांनी प्रवेशाची पात्रता नीट वाचूनच अर्ज करावा. तुमच्या मुलीला माझ्या मते अभिलेखाची वाट जास्त लाभेल. परदेशी पदवीसाठी आत्ता कर्ज काढू नका.

एक गोष्ट मात्र तिनं लगेच सुरू करावी: मोडी. महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत मोडीचे रुमालच्या रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) न वाचलेले पडून आहेत, आणि मोडी वाचणारे तरुण फार थोडे. राज्याचं पुराभिलेख संचालनालय तिचे प्रशिक्षण वर्ग घेतं. इतिहासाची पदवी, मोडी आणि एक्सेलमध्ये स्वच्छ नोंद, एवढं ज्याच्याकडे आहे त्याला प्रकल्पावर घेताना संस्था फारसा विचार करत नाहीत.

बँकेचा फॉर्म तिनं भरावा, त्यानं काही बिघडत नाही. आणि सुट्टी संपण्याआधी त्या वास्तूच्या व्यवस्थापकांकडून तिनं एक पत्र घ्यावं: किती वस्तूंची, कोणत्या पद्धतीनं नोंद केली, हे त्यात असू द्या. मुलाखतीत पहिल्यांदा तेच विचारतात.