बाष्पदाब म्हणजे नेमकं काय आणि रोजच्या आयुष्यात तो कुठे दिसतो?

अकरावीच्या पुस्तकातली व्याख्या पाठ होते पण डोक्यात शिरत नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे.

झाकण घट्ट लावलेल्या बाटलीत थोडं पाणी आहे असं समजा. वरच्या थरातले जोरात पळणारे रेणू सुटून वाफ होतात, त्यातले काही परत पाण्यात पडतात, आणि जाणारे-येणारे सारखे झाले की त्या वाफेचा जो दाब उरतो तो बाष्पदाब. पाण्याचा २५ अंशाला साधारण २४ मिमी पारा (म्हणजे पाऱ्याचा २४ मिमी उंच स्तंभ तोलणारा दाब), नेलपॉलिश रिमूव्हरमधल्या ॲसिटोनचा त्याच तापमानाला जवळपास २३०, म्हणून ते बघता बघता उडून जातं.

खरी गंमत अशी की हा दाब द्रव कुठला आणि तापमान किती एवढ्यावरच ठरतो, द्रव किती उरलाय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. घरचा सिलिंडर बघा ना, आत प्रोपेन-ब्युटेन द्रवरूपात असतं आणि वरची वाफ शेगडीला येते. द्रव संपत येईपर्यंत दाब जवळपास तोच, त्यामुळे ज्योत बघून गॅस किती उरलाय ते कळत नाही, आणि बाजारात मिळणारे काटेवाले प्रेशर मीटर माझ्या मते यासाठी बिनकामाचे, ते खरं तर तापमानच दाखवतात. सरळ वजन करा, रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं, ते वजा केलं की झालं.

थंडीत शेवटी शेवटी ज्योत मंदावते तेही याच्यामुळेच. वाफ होताना द्रव स्वतःच गार होतो, त्यात ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास उकळणारं (प्रोपेन उणे ४२ ला), म्हणजे गारठ्यात त्याचा दाब फारच कमी. लोक मग सिलिंडर गरम पाण्यात ठेवतात, दाब वाढतो खरा पण कृपा करून हे करू नका, आडवा तर अजिबात नको, द्रव गॅस थेट रेग्युलेटरमध्ये जातो.

उकळणं म्हणजे बाष्पदाब बाहेरच्या दाबाइतका होणं. लेहला हवा विरळ म्हणून पाणी ८८ अंशाच्या आसपासच उकळतं आणि डाळ शिजता शिजत नाही, उलट कुकरमध्ये आतला दाब जवळपास दुप्पट म्हणून पाणी १२० पर्यंत जातं.

पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत कारण हवेत आधीच बाष्पदाबाच्या जवळपास वाफ भरलेली असते, तेव्हा पंखा लावा, कपड्यांना चिकटलेली ओली हवा तरी हलेल.