सौर जोडणीपूर्वी बसबार तपासा

डिस्ट्रिब्यूशन बोर्डात एका ब्रेकरची जागा रिकामी आहे, एवढ्यावरून सौर इन्व्हर्टर तेथे जोडणे सुरक्षित ठरत नाही. आधी बसबारची, म्हणजे बोर्डातील ब्रेकरना वीज पोहोचवणाऱ्या धातूच्या पट्टीची, क्षमता पाहावी. समजा, बसबार १०० अँपिअरचा आहे, मुख्य ब्रेकरही १०० अँपिअरचा आहे आणि इन्व्हर्टर ३० अँपिअर देतो. अशा वेळी ग्रिड आणि सौर यंत्रणा मिळून १३० अँपिअर भार पुरवू शकतात, बसबारच्या एखाद्या भागातून क्षमतेपेक्षा अधिक प्रवाह वाहू शकतो आणि तरीही मुख्य ब्रेकर पडत नाही, कारण त्याच्यातून जाणारा प्रवाह मर्यादेतच असतो. इन्व्हर्टरचा ब्रेकर मुख्य ब्रेकरच्या विरुद्ध टोकाला बसवल्याने हा धोका कमी होतो. मात्र माझ्या मते मुख्य ब्रेकर लहान घेणे किंवा मोठा बोर्ड बसवणे अधिक निर्धोक आहे.

डीसी बाजूला, म्हणजे पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंत, एसीचा ब्रेकर कधीही वापरू नये. एसी प्रवाह प्रत्येक आवर्तनात शून्यावर येतो, म्हणून ब्रेकर उघडताना पडणारी ठिणगी विझते. डीसीमध्ये तसे होत नाही. शिवाय मुख्य स्विच बंद केला तरी उजेड असेपर्यंत सौर पॅनेलच्या तारांत व्होल्टेज राहतेच, ही गोष्ट नवशिके हमखास विसरतात.

ग्रिडचा पुरवठा खंडित होताच इन्व्हर्टरने आपोआप थांबले पाहिजे, अन्यथा बाहेरच्या तारांवर काम करणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. अंतिम जोडणी परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून, वीजपुरवठादाराच्या मंजुरीनंतरच करून घ्यावी आणि बोर्डावर दोन वीजस्रोत असल्याची ठळक सूचना लावावी.