आमची सोसायटी चाळीस वर्षं जुनी आहे. वीजबिल आणि कार्बन उत्सर्जन कमी करायला थेट सोलर बसवावं का?

सोलर बसवाच, पण त्याआधी तुमचा पाण्याचा पंप रोज किती वेळ चालतो ते महिनाभर वहीत लिहून काढा.

आमची इमारत कोथरूडमधली, १९८४ सालची. चार मजले, सोळा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. मी सेक्रेटरी असताना कॉमन मीटर, म्हणजे पंप आणि जिन्यातल्या दिव्यांचा सामायिक मीटर, महिन्याला सहाशे युनिटच्या खाली यायचा नाही. कमिटीला सोलरची घाई होती, पाच किलोवॉटचं कोटेशनही आलं होतं. मी वॉचमनकाकांना पंप चालू-बंद करायच्या वेळा लिहून ठेवायला सांगितल्या. रोजचे तीन तास भरले! पाच एचपीचा पंप तासाला साधारण चार युनिट घेतो, म्हणजे दिवसाला बारा.

आता हिशेब बघा. माणशी १३५ लिटर धरलं तर आमच्या चौसष्ट माणसांना दिवसाला नऊ हजार लिटरही लागत नाहीत. एवढं पाणी वीस मीटर वर चढवायला, पंप सुमार असला तरी, दोन-तीन युनिट खूप झाले. बाकीचे कुठे जात होते? वरची टाकी पहाटे भरून वाहायची आणि पाणी पावसाळी पायपातून निघून जायचं, त्यामुळे कुणाला दिसलंच नाही. पाच घरांतल्या फ्लशच्या टाक्या रात्रंदिवस झिरपत होत्या. पंपातलं पाणी ढकलणारं चाक (इम्पेलर) झिजलेलं, पायपाच्या तळाची झडप (फूट व्हॉल्व्ह) गळकी. दोन दिवस प्लंबर लावला, टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच बसवला आणि पंप पन्नास मिनिटांवर आला. इतकी वर्षं आपण पाणी आणि वीज दोन्ही गटारात सोडत होतो, याचं मला फार वाईट वाटलं.

जिन्यातल्या चौदा जुन्या ट्यूब चोकसकट पन्नास-पन्नास वॉट घ्यायच्या. तिथे वीस वॉटच्या एलईडी लावल्या. दोन्ही मिळून दिवसाला चौदा युनिट वाचले. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे महिन्याला जवळपास तीनशे किलोंची घट झाली.

त्यानंतर दोन किलोवॉटचं सोलर पुरेसं ठरलं. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर या छतावरच्या सोलरच्या योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, त्याची चौकशी करा. फक्त गच्चीचं वॉटरप्रूफिंग आधी उरका. पॅनेल बसल्यावर गळती निघाली तर सगळं उचलून कोबा फोडावा लागतो. त्याच कामात वरून पांढरी चायना मोझॅक (टाइलच्या तुकड्यांची फरशी) घातलीत तर वरच्या मजल्यावरच्यांना उन्हाळा बराच सुसह्य होईल.

पण खरी वीज घराघरांत जाते, आणि कमिटीच्या चर्चेत ती येतच नाही. सोळा घरांत चार-चार धरले तरी चौसष्ट पंखे. जुना पंखा पंचाहत्तर वॉट घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा, तीसच्या आसपास. दहा तास चालले तर दिवसाला जवळपास एकोणतीस युनिटांचा फरक पडतो. आमचा अख्खा कॉमन मीटर पूर्वी दिवसाला वीस खायचा! म्हणून सर्वसाधारण सभेत पंख्यांची एकत्रित खरेदी ठरवा. दुकानदार भाव उतरवतो, आणि ज्यांना एकरकमी जमत नाही त्यांना मेंटेनन्ससोबत हप्त्याने देता येतं. आमच्याकडे पहिल्या खेपेला अकरा घरं तयार झाली.