तिसरीच्या मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या मुलांना 'मिनिटाला इतके शब्द' हा एकच वाचननिकष लावावा का?

नाही, मराठीच्या मुलांवर त्यात सरळ अन्याय होतो. 'शाळेसमोरच्या दुकानातूनसुद्धा' हे मराठीत दोनच शब्द; इंग्रजीत तेवढ्यालाच आठ-नऊ लागतात. मी पुण्यात तिसरीचं वाचन तपासते. जोडाक्षराशी क्षणभर थांबून सगळं नीट समजलेलं मूल अशा आकड्यात 'कच्चं' ठरतं, फार वाईट वाटतं. एनसीईआरटीच्या २०२२ च्या पायाभूत अध्ययन अभ्यासातही २० भाषांसाठी वाचनवेगाचे निकष भाषेनुसार ठरवले होते. 'मुलाला काय जमायला हवं' हे वर्णन दोन्हीकडे एकच ठेवा; मग त्या त्या भाषेच्या शिक्षकांनी वाचनचाचणीतला प्रत्येक प्रश्न घेऊन विचारावं, जेमतेम त्या पातळीचं मूल हा सोडवेल का? त्यावरून 'जमलं' आणि 'कच्चं' यांच्यामधली रेषा आखा. मात्र दोघा-तिघांच्या मतावर आखलेली रेषा टिकत नाही, जास्त शिक्षक बसवा.