शास्ता डेझी पावसाळ्यात बसली

प्रश्न : ताई, मुलुंडला आमच्या गच्चीवर दिवसभर ऊन असतं. गेल्या थंडीत पांढऱ्या फुलांच्या शास्ता डेझीचं बी लावलं, पाकिटावर ‘अलास्का’ असं जातीचं नाव लिहिलेलं आणि वर्षानुवर्षं टिकतं असंही. रोपं मस्त हिरवीगार झाली पण फूल एकही नाही आणि जुलैत सगळी कोलमडून बसली. ऊन जास्त झालं का? परत लावू का?

उत्तर : ऊन नाही हो, ह्या झाडाला रोज सहा तास तरी चांगलं ऊन हवंच. उपटताना पाहिलंत का, पानांचा झुबका अलगद हातात येतो, मुळं मातीतच राहतात आणि बुडाशी तपकिरी चिकट लगदा असतो? माझी दोनदा अशीच गेली, आदल्या दिवशीपर्यंत पानं टवटवीत म्हणून कळलंच नाही आणि खूप वाईट वाटलं. बुडाशी पाणी मुरून राहिलं की ती कुजते, थंड देशातसुद्धा ओल्या मातीत हेच होतं, मग आपला चार महिन्यांचा पाऊस तिला कसा झेपणार.

आणि फुलांचं म्हणाल तर ही डेझी कॅलिफोर्नियात ल्यूथर बरबँक यांनी युरोपातल्या आणि जपानच्या जाती एकत्र करून, बरीच वर्षं खपून तयार केली, १९०१ मध्ये बाजारात आणली, नाव दिलं तिथल्या बर्फाळ माउंट शास्ताचं. तुमची ‘अलास्का’ जात बियांपासून लावली की बहुतेक दुसऱ्या वर्षी, चांगली थंडी खाऊन फुलते. मुंबईत ती थंडी कुठून आणायची?

परत लावा, जरूर लावा, पण हंगामी झाड म्हणून. ‘स्नो लेडी’सारखी बुटकी जात घ्या, ती पहिल्याच वर्षी फुलते. नवरात्र झालं की कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याचा भुसा) ट्रेमध्ये बी नुसतं वर भुरभुरवा, जाड माती टाकू नका. मग रोपं कुंडीत, मातीत वाळू आणि कुजलेलं शेणखत घालून, आणि कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू द्यायचं नाही. सुकलेलं फूल देठासकट खुडत राहा, नव्या कळ्या येतात. कडक उन्हाळा लागला की झाड थकतं, तेव्हा काढून टाका, जीव अडकवू नका.

वर्षभर टिकणारं पांढरं हवंच असेल तर त्याच उन्हात पांढरी सदाफुली आणि रेन लिली लावा, लिली तर पावसातच फुलते. आणि बी घेताना पाकिटावर जातीचं नाव नसेल तर ते घेऊच नका.